'उद्याचं कटिंग कॅन्सल' : एका मेसेजने घातलेला सात टनांचा घोळ आणि त्यानंतरचे सहा महिने

4 डिसेंबर 2024. रात्रीचे 12 वाजून 20 मिनिटं झालेली. मुंबईच्या एजंटचा फोन आला, जहाज लांबलंय, तुमचा कंटेनर एक दिवस पुढे गेला. मी अंथरुणात बसल्याबसल्या केळीच्या कटिंगच्या, म्हणजे घड कापणीच्या, ग्रुपवर लिहिलं, 'उद्याचं कटिंग कॅन्सल. परवा करू.' फोन चार्जिंगला लावला आणि झोपून गेले.

माझ्या डोक्यात अजून मंगळवारच होता. झोपलेच नव्हते, तर दिवस बदलेल कुठून? आमचे मुकादम आप्पा पहाटे पाचला उठतात. त्यांनी मेसेज पाहिला तेव्हा बुधवार लागून पाच तास झाले होते. उद्याचं, म्हणजे गुरुवारचं, कॅन्सल. म्हणजे आजचं आहे. त्यांनी टोळी गाडीत बसवली आणि बागेत कोयते चालू झाले. साडेआठला मी फोन हातात घेतला तोवर सात टनांच्या आसपास माल झाडावरून उतरला होता.

मी जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर पट्ट्यातल्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये डिस्पॅच बघते. ज्यांचा केळीशी संबंध फक्त उपासापुरता येतो त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घड कापून आणायचा, फण्या सुट्या करायच्या, पाण्याच्या टाकीत चीक जाईपर्यंत धुवायच्या, वजन करून 13 किलोच्या पेटीत भरायच्या आणि लगेच थंड खोलीत टाकायच्या. खोली 13-14 अंशांवर असते. त्याखाली गेली तर सालीवर काळपट झाक येते, वर राहिली तर माल वाटेतच पिकायला लागतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये अशा 1540 पेट्या बसतात आणि तो मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात जाऊन तिथून आखातात जातो. ही सगळी साखळी एकदा सुरू झाली की मध्ये थांबवता येत नाही. बाकी धंद्यात चुकीची ऑर्डर गोदामात ठेवता येते. कापलेला घड परत खोडाला लावता येत नाही.

त्या दिवशी आमच्या दोन्ही थंड खोल्या दुसऱ्या ऑर्डरने भरलेल्या होत्या. सात टन माल दिल्लीकडच्या ट्रकला मिळेल त्या भावाने दिला. किलोमागे सहा रुपये गेले, म्हणजे 42,000. पॅकिंगच्या टोळीला रिकामं बसवून दिलेली हजेरी वेगळी.

मी संध्याकाळी मालकांसमोर, नानांसमोर, आप्पांना सरळ दोष दिला. "मेसेज एवढा स्पष्ट होता, तरी कापून मोकळे." नानांनी माझा फोन मागितला, मेसेज वाचला, वरची वेळ वाचली आणि फोन परत दिला. काही बोलले नाहीत. मग नुकसानीच्या रजिस्टरमध्ये बघितलं. तिथे मीच सकाळी लिहिलं होतं, 'माल खराब, 7 टन'. नाना म्हणाले, "माल कुठे खराब होता? माल तर एक नंबर होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला लाज वाटत नाही.

9 डिसेंबरपासून मी एक वेगळी वही घातली. साधी शंभर पानी, 40 रुपयांची. अट एकच. काहीही वाया गेलं, मग तो माल असो, पेटी असो, मजुरांचे तास असोत की गाडीची फेरी, तर त्याच्या आधी कोणी कोणाला काय सांगितलं होतं ते शब्दाला शब्द लिहायचं. 'गैरसमज झाला' असं लिहायचं नाही. नेमकं वाक्य लिहायचं. हे कोणी करणार असेल तर एक सांगते, पहिल्या दिवसापासून नावं लिहू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणी काही सांगत नाही. मी फक्त 'देणारा' आणि 'घेणारा' लिहायचे.

31 डिसेंबरपर्यंत 31 नोंदी झाल्या. त्यातल्या काही अशा:

'5-6 चा माल काढा.' आमच्याकडे पेटीत किती फण्या बसतात त्यावरून 4 हँड, 5 हँड, 6 हँड असा माल म्हणतात. सांगणाऱ्याला 5 हँड आणि 6 हँडच्या पेट्या वेगवेगळ्या हव्या होत्या. ऐकणाऱ्याने दोन्ही एकत्र भरल्या. 140 पेट्या उघडून परत भराव्या लागल्या. हाताळणीत फण्यांना डाग पडले ते निराळंच.

'नेहमीचा स्टिकर.' नेहमीचा कोणाचा? बाया ज्या ऑर्डरवर चार दिवस बसल्या होत्या तोच त्यांचा नेहमीचा.

'कल का माल है.' आमची पॅकिंगची टोळी पश्चिम बंगालची. हिंदीतही कल म्हणजे काल आणि उद्या, बंगालीतही काल म्हणजे दोन्ही. मराठीत काल म्हणजे फक्त गेलेला दिवस. तीन भाषांचे लोक एका टाकीभोवती उभे राहून हा एक शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरत होते आणि आम्ही इतकी वर्षं तसेच चालत आलो होतो, याचंच आता नवल वाटतं.

'गाडी 12 ला लागेल.' रात्री की दुपारी? ड्रायव्हर दुपारी आला, लोडिंगची पोरं रात्री.

'थोडा माल कमी पडतोय, बघा.' यावर आप्पांनी शंभर घड जास्त कापले. कमी होते तीस.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. 31 पैकी 14 निरोपांत देणारी मी होते. बाकीच्यांत कोणाचाही आकडा चारच्या वर नव्हता. साहजिक आहे, सगळ्यात जास्त निरोप मीच देते. पण हे साहजिक आहे हे कळायला मला तीन आठवडे आणि 42,000 रुपये लागले.

जानेवारीच्या सुरुवातीला मी जे केलं ते सपशेल फसलं. सगळ्यांचा, म्हणजे 34 जणांचा, एकच मोठा ग्रुप केला. म्हटलं, सगळं सगळ्यांसमोर असेल तर घोळ होणार नाही. आठवडाभरात त्यात सुप्रभात, कोणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस, केळीचे भाव आणि हरवलेल्या मोटरसायकलचा फोटो आला. माझा निरोप वर कुठेतरी. उलट आता प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने वाचला असेल. दुसरी हौस म्हणून फैजपूरहून एक मोठा फलक छापून आणला, 650 रुपये. त्यावर ग्रेडचे नियम, शुद्ध मराठीत. टाकीवर काम करणाऱ्या बंगाली पोरांना तो वाचता येत नव्हता, आणि कापणीला सातपुड्याच्या पायथ्याहून येणारी पावरा आदिवासी मंडळी पॅकहाऊसच्या आत येतच नाहीत. तो फलक आता टाकीच्या मागे पाण्याचे शिंतोडे अडवायला लावलाय. त्या कामाला उत्तम आहे.

संक्रांतीला भुसावळला माहेरी गेले. बाबा मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होते, भुसावळ विभागातल्याच लहान लहान स्टेशनांवर उभी नोकरी केली, आता निवृत्त. तिळगूळ खाता खाता मी त्या रात्रीचा मेसेज सांगितला. बाबा हसायलाच लागले. म्हणाले, "रात्री 12:20 च्या गाडीचं तिकीट काढून दुसऱ्या दिवशीच्या रात्री स्टेशनवर येणारे प्रवासी मी जन्मभर पाहिले. तू त्यातलीच."

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर आमचं पुढचं सगळं उभं आहे. दोन स्टेशनांमध्ये गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर, म्हणजे मधली लाइन मोकळी आहे, गाडी सोडा अशी परवानगी, घ्यावी लागते. जिथे हे बोलणं फोनवर होतं तिथे नुसतं 'हो, सोडा' चालत नाही. पुढचा मास्तर एक दोन आकडी नंबर देतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो छापील यादीतून घ्यायचा, मनाने द्यायचा नाही, वापरला की खोडायचा. इकडच्याने तो वहीत लिहायचा आणि परत बोलून दाखवायचा. फाटकवाल्याने फाटक बंद केलं तरी तो मास्तरला असाच नंबर देतो. "नंबर म्हणजे काही जादू नाही गं," बाबा म्हणाले. "पण 'हो' माणूस झोपेतसुद्धा म्हणतो. 47 म्हणायला जागं व्हावं लागतं."

मी तिथेच कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पावतीचा नमुना काढला.

20 जानेवारी, सोमवारपासून सुरुवात केली. पावतीपुस्तक तीन प्रतींचं, कार्बनवालं. दहा पुस्तकं छापून घ्यायला 1,150 रुपये आणि सहा दिवस लागले. पावतीवर फार काही नाही. वार आणि तारीख दोन्ही. शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर, कारण आमच्याकडे एका आडनावाचे दहा शेतकरी एकाच शिवारात असतात. घड किती. कॅलिपरवर, म्हणजे केळ्याची जाडी मोजायच्या मापावर, आकडा कितीपासून कितीपर्यंत. कोणत्या हँडच्या किती पेट्या. पेटीचा ब्रँड. गाडीची वेळ. आणि खाली एक चौकोन, नंबरसाठी.

पद्धत अशी की मी फोनवर पावती वाचते, समोरचा स्वतःच्या शब्दांत परत सांगतो, बरोबर असेल तरच मी नंबर देते. त्याने नंबर लिहिला नसेल तर काम सुरू करायचं नाही. रद्द करायचं असेल तर मेसेज अजिबात नाही. फोन करून जुना नंबर सांगायचा आणि तो रद्द केला म्हणायचं. मेसेजमध्ये 'उद्या', 'परवा', 'कल' लिहायचं नाही, वार लिहायचा. बाराचा आकडा वेळ म्हणून बंद. 11:45 लिहा, 12:15 लिहा, पण सकाळ-दुपार-रात्र सोबत लिहाच.

कागदावर हे फार सोपं दिसतं. पहिल्याच दिवशी आप्पांनी फोन ठेवून दिला.

त्यांचं वय साठच्या पुढे. कोणत्या बागेत कोणता घड कधी उतरवायचा हे त्यांना लांबूनच कळतं. मी म्हटलं, "आप्पा, मी काय सांगितलं ते एकदा परत सांगा ना." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "तीस वर्षं झाले मले केळी कापता. आता तू मले पाढे म्हनाले लावते का?" खट्. पुढचे तीन दिवस त्यांनी माझे फोन घेतले नाहीत, त्यांचा मुलगा घ्यायचा.

चौथ्या दिवशी मी स्कूटी घेऊन बागेत गेले. आप्पा बांधावर बसून विडी ओढत होते. मी त्यांना वही दाखवली. उगाच त्यांच्या नावावर काही आहे असं नको वाटायला, म्हणून त्यातले माझे 14 निरोप मोठ्याने वाचले. सातव्या-आठव्याला ते हसले. मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली, आणि ती मला आधी कोणी विचारलीच नव्हती. "तू फोन करते तवा मी मोटरसायकलवर असतो. वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाही. हो म्हनतो अन् ठेवतो. अन् मी तुले सांगतो का या बागेत दोनशे निघतीन, तवा तू तरी कुठी परत म्हनते?"

खरं होतं. परत सांगायचं ते त्यांनीच, मी नाही, असं मी गृहीत धरलं होतं. शिक्षिकेसारखं. तिथेच ठरलं की दोघांनी एकमेकांचं परत सांगायचं, आणि फोन सकाळी साडेसहाला, चहाच्या टपरीवर गाडी उभी असताना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "गट 112 मधून 180, अन् वरच्या बाजूचे 40 ठेवून द्या." मी परत सांगितलं, "180, त्यातले 40 ठेवायचे." "नाही वं! 180 सोडून 40." पहिल्याच फटक्याला मी चुकले. त्या दिवसानंतर आप्पांचा फोन कधी चुकला नाही. मला चुकताना पकडायला त्यांना मजा येते, असा माझा संशय आहे.

टाकीवरच्या लोकांसाठी मात्र फोन, पावती यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. तिथे मावश्यांनी उपाय काढला. स्टिकर लावणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वाचायचं कशाले, पेटीच टांगा ना समोर." सकाळी त्या दिवसाच्या ब्रँडची एक रिकामी पेटी, तिच्या तोंडाला त्याच ऑर्डरचा स्टिकर आणि आत कोणत्या हँडचा माल तो खडूने काढलेला मोठा आकडा, अशी भिंतीच्या खिळ्याला टांगतो. ऑर्डर बदलली की पेटी बदलते. जुनी पेटी उतरवल्याशिवाय नवी टांगायची नाही, दोन पेट्या एकावेळी भिंतीवर दिसता कामा नयेत. खर्च दोन खिळे.

कागदपत्रांच्या बाजूचं थोडं सांगते, कारण तिथला घोळ दिसत नाही आणि महाग पडतो. कंटेनरसोबत फायटो लागतो, म्हणजे मालावर कीड-रोग नाही असं सरकारी प्रमाणपत्र. त्यात घेणाऱ्याचं नाव आणि मालाचं प्रमाण असतं. शिवाय भरलेल्या कंटेनरचं पक्कं वजन जहाजावर चढण्याआधी कळवावं लागतं, हा नियम जगभर 2016 पासून आहे. आमच्याकडे पेट्यांचा आकडा आधी एजंटला सांगायचा आणि मग लोडिंगला दोन-चार पेट्या इकडे तिकडे व्हायच्या. एजंटला फोन केला की तो म्हणायचा, "मॅडम, आता बदलायचं म्हणजे सगळं परत." फेब्रुवारीत एकदा 1540 ऐवजी 1536 पेट्या गेल्या आणि त्या चार पेट्यांपायी दीड दिवस फोनवर गेला. आता लोडिंगचा दरवाजा बंद झाल्यावर, सील नंबर वाचून, मगच शेवटचा आकडा कळवतो. एजंटही तो परत म्हणून दाखवतो. त्याला आधी हे विचित्र वाटलं. मग त्याने त्याच्या बाकीच्या पार्ट्यांनाही तेच सुरू केलं, असं तो म्हणाला.

वहीतल्या नोंदी फेब्रुवारीत 19 होत्या, मार्चमध्ये 12, एप्रिलमध्ये 9. मे महिन्याचा आकडा मी धरत नाही. आमच्याकडे मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो, बागेतून पॅकहाऊसपर्यंत येतानाच माल तापतो, आणि त्यात निरोपाचं किती आणि उन्हाचं किती हे मला वेगळं काढता आलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळाने दोन शेतकऱ्यांच्या बागा आडव्या केल्या. तिथे पावतीपुस्तक काय करणार. नुकसान थांबलं असं म्हणता येत नाही. फक्त रजिस्टरमध्ये आता 'माल खराब' हे दोन शब्द एकटे लिहायचे नाहीत असं नानांनी ठरवलंय. पुढे कारण आणि असेल तर पावती नंबर.

वेळेचं विचाराल तर मला सकाळी पाऊण तास जास्त लागतो. सुरुवातीला हा पाऊण तास फार जड गेला. आधी मी तेवढ्या वेळात वीस मेसेज टाकून मोकळी व्हायचे. पण दिवसभरात 'ताई, ते काय म्हणाले होते?' असे जे फोन यायचे ते खूप कमी झालेत. दुपारचा डबा मी आता बसून खाते.

गेल्या रविवारी बाबा पॅकहाऊस बघायला आले. भिंतीवरची पेटी बघितली, टाकीत हात घालून पाणी किती गार आहे ते बघितलं. मग खुर्चीवर बसून चष्मा लावला आणि पावतीपुस्तक पहिल्या पानापासून चाळायला घेतलं. मला वाटलं, आता शाबासकी. पाच मिनिटांनी त्यांनी पेन्सिलने दोन पानांवर गोल केला.

"47 एका आठवड्यात दोनदा कसा आला?"

मी छापील यादी केलीच नव्हती. मनाला येईल तो नंबर देत होते, आणि मनाला बहुतेक 47 च येत होता. दोन्ही 47 वेगवेगळ्या बागांचे होते. एखादा रद्द करायची वेळ आली असती तर कोणता 47, हे मला तरी सांगता आलं असतं का देव जाणे.

बाबांनी त्याच दुपारी वहीच्या मागच्या पानावर 10 ते 99 आकडे उलटसुलट लिहून दिले. फैजपूरच्या प्रेसवाल्याला टाकलेत छापायला. शुक्रवारी देतो म्हणालाय. कोणता शुक्रवार ते मी तारखेसकट लिहून घेतलं.